गाडी चालू होत नाही, म्हणजे नेमके काय होत नाही?

‘गाडी चालू होत नाही’ ही एक तक्रार नसून निदान तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत, आणि त्या तिन्ही एकाच वाक्यात सांगितल्या जातात म्हणून गॅरेजमध्ये अर्धा घोटाळा तिथेच सुरू होतो. चावी फिरवल्यावर किंवा बटण दाबल्यावर सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून देणारी स्टार्टर मोटर, फिरतच नाही, ही पहिली तक्रार. सेल्फ नेहमीसारखा फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही, ही दुसरी. इंजिन पेट घेते, मात्र लगेच बंद पडते, किंवा चालू राहूनही मिसिंग मारते (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन पेटायचे चुकते), झटके देते आणि चढावर दम सोडते, ही तिसरी. पहिल्या तक्रारीचा पेट्रोलशी किंवा डिझेलशी काडीचाही संबंध नसतो, तर दुसरीत सेल्फ जोमाने फिरत असेल तर स्टार्टर निर्दोष आहे हे उघडच असते. यांपैकी आपली तक्रार कोणती हे मेस्त्रीला फोनवर नीट सांगितले, तरी संशयितांची यादी निम्म्याहून लहान होते.

निदान म्हणजे ही यादी क्रमाने लहान करत जाणे. आधी जे फुकटात तपासता येते ते, मग जे मल्टिमीटरने मोजता येते ते, आणि खोलखाल करावी लागते ते सर्वांत शेवटी. याच्या नेमकी उलट पद्धत म्हणजे ‘हा पार्ट बदलून बघू’. जुन्या, साध्या गाड्यांत ती काही प्रमाणात खपून जात असे, कारण पार्ट स्वस्त होते आणि मोजकेच होते. आजच्या गाडीत एकेका सेन्सरला काही हजार रुपये पडतात, तो विकत घेतल्यावर परत होत नाही, आणि दोष भलत्याच ठिकाणी असला तर खिसा हलका होऊन गाडी जिथल्या तिथेच राहते. एखादा पार्ट दोषी असल्याचे कोणत्या चाचणीवरून ठरले, हा प्रश्न ग्राहकाने विचारलाच पाहिजे, आणि चांगल्या मेकॅनिकला त्याचा राग येत नाही.

गोव्यात या प्रश्नाला हवामानाची जोड आहे. येथे वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतील ओल हटत नाही, आणि पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या किनारपट्टीत वाऱ्याबरोबर खारही येतो, त्यामुळे बॅटरीची टोके, अर्थिंगची (बॅटरीचे निगेटिव्ह टोक इंजिनाला आणि बॉडीला जोडणारी) वायर आणि कनेक्टरमधील बारीक पिना यांना गंज लवकर धरतो. डिचोली, सांगे, केपे या भागांत तांबडी धूळ एअर फिल्टरमध्ये बसते. शिवाय येथील अनेक घरांत गाडी महिनोन्महिने उभी असते. घरचा माणूस तारवटी म्हणून जहाजावर असतो किंवा आखातात असतो, चवथीला नाहीतर नाताळाला तो घरी येतो आणि पहिल्याच सकाळी गाडी रुसलेली आढळते. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, बॉनेटखालच्या उबेत उंदीर घर करून वायरी कुरतडतात, आणि टाकीत तळाशी राहिलेले पेट्रोल जुने होते.

सेल्फ फिरतच नाही

या अवस्थेत कान आणि डोळे हीच पहिली हत्यारे. चावी ‘ऑन’वर नेल्यावर डॅशबोर्डवरचे दिवे मुळीच लागत नसतील, तर बॅटरी पार उतरलेली आहे, तिचे टर्मिनल सैल आहे किंवा मुख्य फ्यूज उडाला आहे. दिवे लागतात, पण सेल्फ मारताच मंद होतात आणि बॉनेटखालून ‘टक-टक-टक-टक’ असा भराभर आवाज येतो, तेव्हा वीज अपुरी पडते आहे असे समजावे. स्टार्टरवरचा सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या चुंबकावर चालणारा स्विच, खेचला जातो, त्याबरोबर मोठा प्रवाह सुरू होऊन व्होल्टेज कोसळते, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज सावरते आणि तो पुन्हा खेचला जातो, असे चक्र सेकंदात अनेकदा होत असल्याने तो आवाज येतो. एकच दणकट ‘टक’ होऊन पुढे शांतता पसरली, तर संशय स्टार्टर मोटरवर किंवा तिच्याकडे जाणाऱ्या जाड वायरीवर जातो. आणि दिवे लख्ख राहून काहीच आवाज आला नाही, तर स्टार्टरला हुकूमच पोहोचत नाही असा अर्थ होतो. अशा वेळी क्लच पूर्ण दाबला आहे का, ऑटोमॅटिक गाडीत लिव्हर खरोखर ‘पी’मध्ये बसला आहे का, हे आधी पाहावे. ‘पी’ऐवजी ‘एन’मध्ये घेऊन प्रयत्न केल्यावर गाडी चालू झाली, तर दोष लिव्हरजवळच्या स्विचचा असतो. बटणाच्या गाड्यांत ब्रेकच्या पेडलखालचा स्विच बिघडला तरी हेच होते, आणि तेव्हा मागचे ब्रेक-दिवेही बहुधा लागत नाहीत.

बॅटरीबद्दल थोडे आकडे माहीत असावेत. गाडी काही तास उभी राहिल्यानंतर मोजलेले व्होल्टेज १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली गेली तर ती जवळजवळ उतरलीच. परंतु हा आकडा बॅटरी किती भरली आहे हे सांगतो, तिची ताकद किती उरली आहे हे सांगत नाही. चार-पाच वर्षांची थकलेली बॅटरीसुद्धा चार्ज केल्यावर १२.६ दाखवते आणि स्टार्टरचा भार येताच मान टाकते. म्हणून दुसरे मापन सेल्फ मारत असतानाच घ्यावे. त्या क्षणी व्होल्टेज ९.६ च्या खाली गेले, तर बॅटरी संपत आली आहे किंवा मुळात भरलेलीच नाही. तिसरे मापन इंजिन चालू असताना घ्यायचे, तेव्हा साधारणपणे १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले की अल्टरनेटर चार्जिंग करतो आहे असे म्हणता येते. अलीकडच्या काही गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटरचे चार्जिंग कमी-जास्त केले जाते, त्यामुळे क्षणभर कमी आकडा दिसला म्हणून तो बदलायला घेऊ नये. दिवे आणि एसी लावून पुन्हा पाहावे.

गाडी नुसती उभी राहूनही बॅटरी उतरते, हे अनेकांना पटत नाही. कुलूप लावल्यावरही अलार्म, घड्याळ आणि गाडीतील कंप्युटरची स्मरणशक्ती यांसाठी थोडा प्रवाह वाहतच असतो, आणि ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह साधारणपणे चालण्यासारखा मानला जातो. ४५ अँपिअर-अवरच्या बॅटरीतून तेवढा प्रवाह दिवसाला १.२ अँपिअर-अवर खातो, म्हणजे तीन आठवड्यांच्या आत निम्मी बॅटरी रिकामी होते. त्यावर बाहेरून बसवलेला डॅशकॅम किंवा भाड्याच्या गाड्यांत असतो तसा ट्रॅकर जोडलेला असेल तर विचारायलाच नको. दोन-तीन महिने गाडी उभी राहणार असेल, तर निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवणे हा फुकटचा उपाय आहे. मात्र डिकी केवळ विजेवर उघडत असेल आणि बॅटरी डिकीतच असेल, तर आधी विचार करावा.

आता किनारपट्टीतील खऱ्या गुन्हेगाराकडे वळू. बॅटरी नवी, दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, आणि तरी सेल्फ उचलत नाही, हा प्रकार कळंगुट-हणजुणे बाजूच्या कोणत्याही ऑटो इलेक्ट्रिशियनला ठाऊक आहे. त्याचे मूळ बहुतेकदा बॅटरीपासून इंजिनापर्यंतच्या जाड वायरींच्या जोडांत असते. पेट्रोल गाडीचा स्टार्टर सुरुवातीला शंभर-दीडशे अँपिअर किंवा त्याहून जास्त प्रवाह ओढतो. अर्थिंगच्या जोडात गंजामुळे केवळ ०.०२ ओहमचा अडथळा निर्माण झाला, तरी १५० अँपिअर वाहताना तिथे तीन व्होल्ट खर्ची पडतात, आणि मुळात भाराखाली दहा-साडेदहावर आलेल्या बॅटरीतून स्टार्टरच्या वाट्याला सात-साडेसातच उरतात. त्याच जोडातून हेडलाइटचे पाच अँपिअर गेले, तर नुकसान फक्त ०.१ व्होल्टचे होते, म्हणून दिवा मात्र लख्ख दिसतो. दिव्यावरून बॅटरी आणि जोड ठीक आहेत असा निष्कर्ष काढणे इथेच फसते. साध्या ओहममीटरनेही हा दोष सापडत नाही, कारण इतका सूक्ष्म अडथळा तो नीट मोजू शकत नाही. प्रवाह वाहत असतानाच मापन करावे लागते.

ते असे करतात. इंजिन चालू होऊ नये म्हणून इंधनपंपाचा फ्यूज काढून ठेवावा, गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेकवर असावी. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह शिशाच्या खुंटीवर टेकवावे, क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरे इंजिनाच्या स्वच्छ, उघड्या बोल्टवर. घरातल्या कोणाला तरी दोन-तीन सेकंद सेल्फ मारायला सांगावे. आकडा ०.२-०.३ व्होल्टच्या आत राहिला तर अर्थिंग चांगले आहे, आणि तो ०.५ च्या वर गेला तर त्या वाटेत कुठेतरी गंज बसलेला आहे. मग पहिले टोक खुंटीवरून क्लॅम्पवर, क्लॅम्पवरून वायरीच्या दुसऱ्या टोकावर असे पुढे सरकवत नेले की आकडा जिथे एकदम घसरतो त्या जोडातच दोष असतो. हीच तपासणी बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीपासून स्टार्टरच्या जाड बोल्टपर्यंत करता येते. समुद्राजवळच्या एका घरातील गाडीत थोड्या थोड्या अंतराने दोन नव्या बॅटऱ्या बसवून झाल्या होत्या. मीटर लावल्यावर गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या वायरीच्या टोकाशी व्होल्टेज गळताना दिसले, आणि रबराचे आवरण मागे सारताच आतल्या तांब्याच्या तारा हिरव्या भुकटीत मिसळून गेलेल्या आढळल्या. बाहेरून ती वायर नवीकोरी दिसत होती.

टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवट बुरशी काढताना आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह सोडवावे, कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासावे, कोरडे पुसून आवळावे आणि त्यानंतर वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. जेली आधी लावून मग क्लॅम्प बसवणारे बरेच असतात, पण धातूला धातू भिडणे महत्त्वाचे, जेली फक्त हवा अडवण्यासाठी आहे.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून चालू करायचे झाल्यास लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला व मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावावी, काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि काळीचे शेवटचे टोक बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनाच्या धातूवर, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीत ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो, एवढेच या क्रमाचे कारण आहे. धक्का मारून चालू करण्याचा पर्याय ऑटोमॅटिक गाड्यांना नाहीच, आणि मॅन्युअल पेट्रोल गाडीतही तो वारंवार वापरू नये, कारण न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन तो खराब होऊ शकतो.

सेल्फ फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही

पेट्रोल इंजिनाला चालू होण्यासाठी योग्य प्रमाणात हवा व इंधन, वेळेवर ठिणगी आणि सिलिंडरमध्ये पुरेसा दाब लागतो. डिझेलमध्ये ठिणगीची जागा दाबाने तापलेली हवा घेते. यांतील काय नाही, ते शोधायचे. सुरुवात पुन्हा कानांनीच करावी. निरोगी इंजिन सेल्फवर फिरताना ‘हुं-हुं-हुं’ असा ठेका धरते, कारण प्रत्येक सिलिंडरमधील हवा दाबताना स्टार्टरला जोर लावावा लागतो. हा ठेका नाहीसा होऊन शिवणयंत्रासारखी सलग, हलकी घरघर ऐकू आली, तर टायमिंग बेल्ट तुटल्याची शक्यता गंभीरपणे घ्यावी आणि पुढे एकदाही सेल्फ मारू नये. अनेक इंजिनांत बेल्ट तुटल्यावर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो.

ठेका ठीक असेल तर डॅशबोर्डकडे पाहावे. चावीचे किंवा कुलपाचे चिन्ह भराभर लुकलुकत असेल, तर इमोबिलायझरने, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने, चावी ओळखलेली नाही, आणि मग इंजिनात कितीही शोधले तरी काही सापडणार नाही. दुसरी चावी वापरून पाहावी. बटणाच्या गाड्यांत चावीतील नाण्यासारखी बॅटरी उतरली असेल, तर अनेक मॉडेलांत चावी बटणाला टेकवून चालू करता येते. सेल्फ फिरत असताना आरपीएमचा काटाही पाहावा. बऱ्याच गाड्यांत तो त्या वेळी दोनशे-तीनशेपर्यंत उचलतो. तो जागचा मुळीच हलला नाही, तर क्रँक पोझिशन सेन्सरवर संशय घ्यायला जागा आहे. इंजिन फिरते आहे हेच कंप्युटरला कळले नाही, तर तो ठिणगीही देत नाही आणि इंधनही देत नाही.

इंधनाची तपासणी मागच्या सीटकडे कान लावून होते. पेट्रोल गाडीत चावी ‘ऑन’ केल्यावर टाकीतला पंप साधारण दोन सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. आवाज आला नाही, तर पंपाआधी त्याचा फ्यूज आणि रिले (पंपाला वीज जोडून देणारा स्विच) पाहावा. फ्यूजबॉक्समध्ये हॉर्नचा रिले त्याच क्रमांकाचा असेल, तर दोघांची अदलाबदल करून एका मिनिटात निकाल लागतो. सीएनजी गाडीवाल्यांची एक खास गोम आहे. अनेक गाड्या पेट्रोलवर चालू होऊन मग गॅसवर जातात, आणि टाकीत गॅस भरपूर असूनही पेट्रोल संपल्यामुळे गाडी चालू होत नाही, हे लक्षातच येत नाही. महिनोन्महिने उभ्या गाडीच्या बाबतीत पेट्रोलच्या स्वरूपाचाही विचार करावा लागतो. आता देशभर २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल मिळते, आणि इथेनॉल हवेतील ओल शोषून घेतो. पाण्याचे प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेले, की इथेनॉल आणि पाणी एकत्र वेगळे होऊन तळाशी बसतात, आणि पंप नेमका तळातूनच ओढत असतो. गोव्याच्या पावसाळ्यात गाडी उभी करून जाताना टाकी रिकामी ठेवण्यापेक्षा भरून ठेवणे बरे, म्हणजे आत ओलसर हवेला जागाच उरत नाही.

ठिणगीसाठी स्पार्क प्लग काढून पाहणे हे अजूनही उत्तम साधन आहे. बराच वेळ सेल्फ मारल्यानंतर प्लग पेट्रोलने भिजलेला निघाला, तर इंधन पोहोचते आहे आणि ठिणगी पडत नाही किंवा इंजिन ‘ओव्हर’ झाले आहे, म्हणजे आत पेट्रोल जास्त झाले आहे. तो अगदी कोरडा निघाला, तर इंधनच पोहोचत नाही. ओव्हर झालेल्या इंजिनासाठी अनेक इंजेक्शन गाड्यांत एक सोय असते. अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारला की कंप्युटर इंधन बंद करतो आणि सिलिंडर नुसत्या हवेने कोरडे होतात. प्लगचे टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असणे हे स्वास्थ्याचे लक्षण, काळी काजळी म्हणजे इंधन जास्त, आणि पांढरेफटक, फोड आल्यासारखे टोक म्हणजे इंधन कमी किंवा उष्णता जास्त. ठिणगी पाहण्यासाठी प्लग बाहेर काढून इंजिनाला टेकवून सेल्फ मारण्याची जुनी पद्धत मात्र आता टाळावी. ठिणगी पाडणाऱ्या कॉइलचे व्होल्टेज काही दशसहस्रांच्या घरात असते, आणि जवळ पेट्रोलची वाफ असते.

डिझेलमध्ये धूर पाहावा. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, म्हणजे डिझेल सिलिंडरमध्ये जाते पण पेटत नाही. धूर मुळीच नसेल, तर डिझेल जातच नाही. टाकी पूर्ण रिकामी होऊन लाइनमध्ये हवा शिरणे, फिल्टरमध्ये पाणी साचणे किंवा कॉमन रेलमध्ये (सर्व इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या उच्च दाबाच्या नळीत) दाब न तयार होणे ही त्याची नेहमीची कारणे. कॉमन रेलमध्ये इंजिन चालू होण्यापुरता दाबच सुमारे दोनशे बार असावा लागतो, आणि चालत्या इंजिनात तो हजार बारच्याही पुढे जातो, म्हणून चालू इंजिनाची इंजेक्टरची पाइप सैल करून पाहण्याचा उद्योग जिवावर बेतू शकतो. ‘ग्लो प्लग (गार इंजिनातली हवा तापवणारा प्लग) बदला’ हा सल्ला इंटरनेटवर फार मिळतो. तो दिल्ली-चंदीगडच्या जानेवारीतल्या पहाटेसाठी ठीक आहे. पणजीत थंडीच्या दिवसांतही पारा वीस अंशांच्या फारसा खाली जात नाही, तेव्हा येथे त्याआधी फिल्टर आणि इंधनाचा दाब तपासावा.

पाण्यात बंद पडलेली गाडी

हा भाग वेगळा काढण्याचे कारण म्हणजे येथे योग्य चाचणी एकच आहे, ती म्हणजे सेल्फ न मारणे. रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून जाताना इंजिन एकदम बंद पडले, तर एअर फिल्टरच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलेले असू शकते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही, आणि स्टार्टरने पिस्टन वर ढकलला की कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून बाहेर काढावी, एअर फिल्टरचा डबा उघडून तो ओला आहे का पाहावे, आणि ओला असेल तर टो करून न्यावे. गॅरेजमध्ये प्लग किंवा इंजेक्टर काढून, इंजिन फिरवून पाणी बाहेर काढतात आणि ऑइल बदलतात, हा खर्च सोसण्यासारखा असतो. पाण्यात बंद पडल्यानंतर सेल्फ मारून झालेले इंजिनाचे नुकसान साध्या विमा पॉलिसीत बहुधा नाकारले जाते, त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते.

चालू होते, पण नीट चालत नाही

येथे स्कॅनर कामी येतो. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचे जे सॉकेट असते, त्यात स्कॅनर लावला की कंप्युटरने नोंदवलेले कोड वाचता येतात. भारतात एप्रिल २०१३ पासूनच्या बीएस-४ मोटारींत ही ओबीडी-२ व्यवस्था सक्तीची झाली आणि एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर ती अधिक कडक झाली. इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर लागला असेल, तर सावकाश चालवत गॅरेजपर्यंत जाता येते. तो लुकलुकत असेल तर मिसिंग इतके तीव्र आहे की न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळू शकते. तेव्हा वेग कमी करून गाडी बाजूला घ्यावी.

कोडबद्दलचा गैरसमज सर्वांत महाग पडतो. कोड हा कंप्युटरला कुठे त्रास जाणवला ते सांगतो, कोणता पार्ट मेला ते सांगत नाही. ‘पी ०१७१’ आला की मिश्रणात इंधन कमी आहे एवढेच कळते. त्यावर ऑक्सिजन सेन्सर बदलून देणारी गॅरेजेस आहेत, आणि हे निरोप घेऊन आलेल्या पोस्टमनलाच शिक्षा केल्यासारखे आहे. हवा आणि इंधन यांचे आदर्श प्रमाण (शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा) राखण्यासाठी कंप्युटर सतत इंधन कमी-जास्त करत असतो. या दुरुस्तीची टक्केवारी, म्हणजे ‘फ्युएल ट्रिम’, साध्या स्कॅनरवरही दिसते. शून्याच्या आसपास, फार तर दहा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. इंजिन स्लोवर असताना, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता, ट्रिम +१५ ते +२० टक्के दाखवतो आणि रेस करून अडीच हजार आरपीएमवर नेल्यावर सामान्य होतो, तर कुठून तरी चोरटी हवा शिरते आहे. फाटलेली व्हॅक्यूमची नळी किंवा इनटेकचे गॅस्केट शोधावे. उलट स्लोवर ठीक असून चढावर किंवा वेगात ट्रिम वाढत जातो, तर इंधन पुरत नाही किंवा हवा मोजणारा सेन्सर मळला आहे, म्हणून पंपाचा दाब आणि तो सेन्सर तपासावा. एकाच कोडच्या मागची दोन अगदी वेगळी दुखणी दोन मिनिटांत निराळी करता येतात, आणि त्यासाठी एकही पार्ट विकत घ्यावा लागत नाही.

मिसिंगचा शोधही असाच घेता येतो. ‘पी ०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असलेल्या गाडीत इंजिन बंद करून पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी, कोड पुसावा आणि गाडी थोडी चालवावी. आता ‘पी ०३०२’ आला, तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइल दोषी ठरली. कोड पहिल्यावरच राहिला, तर हीच युक्ती प्लगवर करावी, आणि तरीही तो हलला नाही तर इंजेक्टर, वायरिंग व शेवटी दाब यांकडे जावे. दाबाची चाचणी प्लगच्या जागी गेज लावून होते. सुस्थितीतील पेट्रोल इंजिनात साधारण दहा ते तेरा बार मिळतात, पण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील फरक बोलका असतो. एकच सिलिंडर इतरांपेक्षा पंधरा टक्क्यांहून खाली असेल, तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

अशा कोणत्याही खोल तपासणीआधी एअर फिल्टर उघडून पाहावा, विशेषतः गाडी धुळीच्या रस्त्यावरची असेल तर. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेले किलोमीटर तांबड्या धुळीचा हिशेब धरून लिहिलेले नसतात. बीएस-६ डिझेलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. सायलेन्सरमधील डीपीएफ फिल्टर साचलेली काजळी स्वतः जाळतो, पण त्यासाठी काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेगाने धावणे लागते. घर ते बाजार आणि बाजार ते घर एवढेच चालणाऱ्या गाडीला ती संधीच मिळत नाही, मग दिवा लागतो आणि ताकद कमी होते. दिवा नुकताच लागला असेल, तर गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे महामार्गावर पंधरा-वीस मिनिटे एका लयीत चालवल्याने बहुतेकदा काम भागते.

कधी होतो आणि कधी होत नाही असा बिघाड सर्वांत चिवट, कारण गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत गाडी सुतासारखी सरळ झालेली असते. चोर्ला घाट चढून गाडी थांबवली, अर्ध्या तासाने सेल्फ मारला तर चालू होत नाही, आणि तासाभराने जणू काही झालेच नाही अशी चालू होते. अशा वेळी उष्णतेने बिघडणारा क्रँक सेन्सर किंवा इंधनपंप डोळ्यांसमोर आणावा. इंजिन गरम होते की गार, टाकीत इंधन किती होते, पाऊस होता का, एसी चालू होता का, आरपीएमचा काटा हलला का, हे त्याच जागी मोबाइलवर टिपून ठेवावे, आणि आवाजाचे रेकॉर्डिंगही करावे. कोड नोंदवताना कंप्युटर त्या क्षणाचे तापमान, वेग आणि इंजिनावरचा भार हेही साठवून ठेवतो, ज्याला ‘फ्रीझ फ्रेम’ म्हणतात. बॅटरीचे टर्मिनल काढून गाडी ‘रीसेट’ केली, तर बऱ्याच गाड्यांत ही नोंद पुसली जाते, म्हणून स्कॅनर लावून कोड आणि फ्रीझ फ्रेम यांचे फोटो काढून होईपर्यंत टर्मिनलला हात लावू नये.